खलाशाचा पगार की बी.कॉम.ची फी?

*हर्णै बंदरात माझी होडी आहे. मुलगा यंदा बारावी कॉमर्स झाला. त्याला रत्नागिरीला राहून बी.कॉम. करायचं आहे. फी आणि पुस्तकं मिळून वर्षाला वीस हजार, खोलीभाडं महिना अडीच हजार. मेव्हणा म्हणतो, तीन वर्षं फुकट घालवण्यापेक्षा मोठ्या बोटीवर खलाशी म्हणून जाऊ दे, महिना पंधरा हजार कुठे गेले नाहीत. बाई, अर्थशास्त्र यावर काय सांगतं? आणि शिक्षणाला 'गुंतवणूक' म्हणायचं खूळ काढलं कोणी?*
— एक मच्छीमार, हर्णै

तुमच्या मेव्हण्यांना माझा नमस्कार कळवा. मी तीस वर्षं कॉलेजात अर्थशास्त्र शिकवलं. 'शिक्षणाचा खर्च म्हणजे काय' असा प्रश्न टाकला की निम्मा वर्ग फी, पुस्तकं, एस.टी.चा पास एवढं लिहून मोकळा व्हायचा. मेव्हणे थेट बुडालेल्या मजुरीवर आले. आम्ही तिला संधी-खर्च म्हणतो, आणि शिक्षणाच्या हिशेबात सहसा तीच रक्कम सगळ्यात मोठी निघते.

मांडून बघू. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, म्हणजे हंगाम दहा महिन्यांचा. पंधरा हजारांप्रमाणे वर्षाचे दीड लाख, तीन वर्षांचे साडेचार लाख. फी-पुस्तकं तीन वर्षांची साठ हजार. खोली दहा महिन्यांप्रमाणे पंचाहत्तर हजार. मेसचा खर्च मी मुद्दाम धरलेला नाही, कारण मुलगा घरी असता तरी जेवलाच असता. (मेसमधलं सुरमईचं कालवण तो खाणार नाही हे वेगळं.) एकूण पाच लाख पंचाऐंशी हजार. त्यात तुमच्या खिशातून रोख जाणारे फक्त एक लाख पस्तीस हजार. बाकीचे न मिळालेले पैसे, म्हणून ते कुणाला दिसत नाहीत.

आता हे पैसे वसूल व्हायला काय लागेल? नऊ टक्के व्याज आणि चाळीस वर्षांची नोकरी धरली, तर पदवीमुळे महिन्याला साधारण साडेचार हजार जास्त मिळाले पाहिजेत. म्हणजे बोटीचे वर्षाचे दीड लाख, त्यावर हे चोपन्न हजार: बारा महिन्यांत वाटले की महिना सतरा हजार. त्याच्या खाली पडलं तर मेव्हणे जिंकले. आणि नोकरी डोंबिवलीला लागली, तर तिथलं खोलीभाडं या सतरात घालायचं विसरू नका. चाकरमान्यांच्या घरात वाढलेल्या कुणालाही हे सांगायला नको.

पण मेव्हण्यांचाही हिशेब पुरा नाही, आणि तुमच्या मुलाच्या बाजूनेही एक गोष्ट सुटते. खलाशी जन्मभर खलाशी राहत नाही, हात बसला की तांडेल, म्हणजे बोटीवरचा प्रमुख, होतो. जेकब मिन्सर या अर्थतज्ज्ञानं १९७४ च्या पुस्तकात कमाईचं जे समीकरण मांडलं, त्यात शाळेच्या वर्षांइतकाच मान कामाच्या अनुभवाच्या वर्षांना आहे. तेव्हा बी.कॉम.ची तुलना दहा वर्षांनंतरच्या तांडेलाशी करा. आणि बी.कॉम. झालेला मुलगाही पहिल्या पगारावर थांबत नाही, हेही त्याच समीकरणात आहे.

खूळ कोणी काढलं, तर अ‍ॅडम स्मिथ या अर्थतज्ज्ञानं. १७७६ च्या ग्रंथात तो म्हणतो, की बराच वेळ आणि कष्ट घालून शिकलेला माणूस हा महागड्या यंत्रासारखा आहे. यंत्र घेणारा जशी त्याची किंमत नफ्यासकट वसूल होण्याची अपेक्षा धरतो, तशी त्या माणसाच्या मजुरीतून शिकण्याचा खर्च वसूल झाला पाहिजे. पुढे जवळपास पावणेदोनशे वर्षं ही कल्पना अडगळीत पडून राहिली. मग डिसेंबर १९६० मध्ये थिओडोर शुल्ट्झ यांनी अमेरिकी अर्थतज्ज्ञांच्या परिषदेत अध्यक्षीय भाषण केलं, विषय 'मानवी भांडवलातली गुंतवणूक'. शुल्ट्झ मूळचे शेतकऱ्याच्या घरातले आणि अभ्यासही शेतीचाच. युद्धात कारखाने बेचिराख झालेले देश इतक्या झपाट्यानं उभे कसे राहिले, याचं उत्तर त्यांना माणसांच्या अंगच्या कौशल्यात दिसलं. कौशल्यावर बॉम्ब पडत नाही. हायस्कूल आणि कॉलेजच्या खर्चात निम्म्याहून जास्त वाटा विद्यार्थ्यांच्या बुडालेल्या कमाईचा असतो, हेही त्यांनीच दाखवलं. १९७९ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. माणसाला 'भांडवल' म्हणणं तेव्हा अनेकांना झोंबलं होतं, गुलामांच्या बाजाराची आठवण व्हायची. गॅरी बेकर या अर्थतज्ज्ञांनी १९६४ मध्ये 'मानवी भांडवल' नावाचं पुस्तक काढलं, तेव्हा हे नाव द्यावं की नाही यावर त्यांनीही बराच विचार केला होता.

बेकरचं नाव आलं की मला माझा दादा आठवतो. आमचं गाव राजापूरच्या आत. दादा सातवीनंतर मुंबईला गेला आणि परळच्या एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर, लागला. महिन्याच्या दहा तारखेच्या आसपास मनीऑर्डर यायची. खालच्या कुपनावर दोन ओळींची जागा असे, त्यात तो लिहायचा: 'सुमनची फी आधी भर. बाकी खुशाल.' त्याची शाळा बुडाली म्हणून माझी झाली, हे कुठल्याही समीकरणात बसत नाही. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि दादाचे साचे कायमचे थांबले. बेकर सामान्य कौशल्य आणि विशिष्ट कौशल्य असा भेद करतो. लिहिणं-वाचणं, हिशेब ही सामान्य कौशल्यं, ती कुठल्याही मालकाकडे चालतात. विशिष्ट कौशल्य एकाच मालकाकडे उपयोगी. दादाचं कौशल्य एका मालकापुरतं नसलं तरी एका धंद्यापुरतं होतं, आणि धंदाच उठला. चार साचे एकट्यानं सांभाळणारा माणूस पुढे गावी येऊन दुसऱ्याच्या कलमांची राखण करत होता.

म्हणून मुलाला पाठवा, असं मी म्हणेन. बी.कॉम.चा परतावा चांगला येईल याची मला खात्री नाही. पण समुद्रात मासळी आहे तोवरच तांडेलाला किंमत आहे, आणि तुम्ही स्वतः होडीवाले आहात, गेल्या काही हंगामांची गोष्ट माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त माहीत. कॉलेजच्या दोन्ही मोठ्या सुट्ट्यांत त्याला होडीवर न्या म्हणजे झालं. आणि मेव्हण्यांशी भांडू नका.

*एम.ए. झाले. कुडाळला एका ऑफिसात बिलं भरते. पाच वर्षं जे शिकले त्यातलं एक अक्षर इथे लागत नाही, तरी जाहिरातीत 'पदवीधर हवा' असंच होतं. मग मला पगार कशाचा मिळतो?*
— एक वाचक, कुडाळ

तुमच्या प्रश्नावर नोबेल मिळालेलं आहे, तेव्हा वाईट वाटून घेऊ नका. मायकल स्पेन्स या अर्थतज्ज्ञांनी १९७३ मध्ये अगदी हेच विचारलं: समजा शिक्षणानं माणसाच्या कामात काडीचा फरक पडत नाही, तरी पदवीवाल्याला जास्त पगार मिळू शकेल का? मिळू शकेल. मालकाला माणूस आतून दिसत नाही, म्हणून तो बाहेरची खूण बघतो.

आपल्याकडे हे आंब्याच्या पेटीवरून समजतं. पेटीवर 'देवगड' छापल्यानं आंबा गोड होत नाही. छापणं स्वस्त आहे, म्हणून कुठलाही आंबा त्या पेटीत बसून वाशीच्या बाजारात जातो आणि खुणेवरचा विश्वास उडतो. खूण खरी राहायला ती खोट्या मालाला महाग पडावी लागते. पदवीचं तसं आहे: ज्याला अभ्यास जड जातो, चिकाटी नाही, त्याला ती तीन वर्षं फार महाग पडतात, म्हणून तो वाटेत गळतो. तुम्ही गळला नाहीत, एवढंच त्या ऑफिसला हवं होतं.

यातली गोम अशी, की सगळ्यांच्या पेटीवर शिक्का आला की मोठा शिक्का लागतो. शिपायाच्या जागेला पदवीधर अर्ज करतात ते यामुळे. भारतातल्या पदवीधरांच्या बेकारीवर मार्क ब्लॉग, रिचर्ड लेयार्ड आणि मॉरीन वुडहॉल यांनी १९६९ मध्येच पुस्तक लिहिलं होतं. वाट बघण्याचे महिने धरूनही पदवी घेणाऱ्याला ती परवडते, म्हणून रांग कमी होत नाही, असं त्यांचं म्हणणं.

मला स्वतःला एका कचेरीनं मराठी टायपिंगचं सर्टिफिकेट नाही म्हणून परत पाठवलं होतं. त्या कचेरीत टाइपरायटर एकच होता आणि त्याच्या 'क्ष'ची दांडी मोडलेली होती.

तरी सगळंच शिक्षण शिक्का असतं असं मी मानत नाही. तुम्ही मला पाठवलेलं पत्र नेमकं होतं, एका ओळीत प्रश्न होता. ते कुठेतरी शिकलातच.

*आमच्या वाडीच्या शाळेत पट अकरावर आला आहे. शाळा बंद करून मुलांना पुढच्या गावात पाठवणार अशी बोलणी आहेत. इतक्या कमी मुलांवर सरकारनं खर्च का करावा, याला आमच्याकडे उत्तर नाही.*
— ग्रामपंचायत सदस्य, गुहागर तालुका

तुमच्याच तालुक्यात, कोतळूकला, गोपाळ कृष्ण गोखले जन्मले. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक त्यांनी १९११ मध्ये मांडलं, ते सरकारनं पडू दिलं, आणि पैसा कुठून आणायचा हा तेव्हाही मोठा आक्षेप होता. त्याही आधी, १८८२ मध्ये, जोतीराव फुल्यांनी शिक्षणाची पाहणी करणाऱ्या सरकारी हंटर आयोगाला लिहून दिलं होतं, की महसूल कष्टकरी रयत भरते आणि शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गाच्या पदरात पडतो. खर्च कोण भरतो आणि कोण उचलतो, हा या शास्त्रातला मोठा प्रश्न त्यांनी शुल्ट्झच्या ७८ वर्षं आधी विचारला.

अंतराची किंमत असते, याचा भक्कम पुरावा इंडोनेशियातून येतो. तिथे १९७० च्या दशकात पाच-सहा वर्षांत एकसष्ट हजारांवर प्राथमिक शाळा बांधल्या. एस्थर डुफ्लो या अर्थतज्ज्ञांनी २००१ मध्ये हिशेब लावला: दर हजार मुलांमागे एक शाळा वाढली, की मुलांचं शिक्षण सरासरी ०.१२ ते ०.१९ वर्षांनी वाढलं आणि पुढे मोठेपणी मजुरी दीड ते २.७ टक्क्यांनी. आकडे छोटे वाटतात, पण ते अख्ख्या पिढीचे आहेत.

आणि आपल्याकडे पुरावा म्हणून धोंडो केशव कर्वे आहेत. मुरूडचा हा मुलगा परीक्षेसाठी कुंभार्ली घाट चढून पायी साताऱ्याला गेला, आणि वयानं लहान दिसतो म्हणून त्याला बसूच दिलं नाही. तो नंतर तरी शिकला. वाटेतूनच परत फिरलेल्यांची नोंद कुठेच नाही.

अर्जात भावनिक काही लिहू नका. नियमात प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत हवी, ते लिहा. पण अंतर नकाशावर मोजू देऊ नका. मोजणाऱ्यांना जुलैत बोलवा, साकवावरून (ओढ्यावरच्या छोट्या पुलावरून) पाणी जात असताना, आणि पहिलीतल्या पोराच्या पावलानं चालायला लावा.