विहीर बंद ठेवायचा पगार?

प्रश्न: माझा मुलगा समुद्रातल्या रिगवर वेल टेस्टिंगचं, म्हणजे तेलविहिरीची चाचणी घ्यायचं काम करतो. मागच्या आठवड्यात फोन केला तर म्हणे, "आई, विहीर बंद केलीय, कालपासून स्क्रीनकडे बघत बसलोय." तेल येतंय तर बंद काहून करता बाप्पा? आणि त्या स्क्रीनवर एवढं बघायचं तरी काय असतं? – एक आई, महाल, नागपूर

उत्तर: ताई, पोरगा खोटं नाही बोलत, आणि आरामही नाही करत. खरी परीक्षा विहीर बंद केल्यावरच सुरू होते. काटोलकडे कोणाची संत्र्याची बाग असेल तर तुम्ही हे पाहिलं असेल, मोटर चालवली की विहिरीचं पाणी खाली जातं, बंद केली की झरे परत भरतात, आणि किती वेळात किती चढलं यावरून जुना शेतकरी सांगून टाकतो की झऱ्यात दम आहे की नाही. तेलाचंही तेच, फक्त इथं दोन-तीन किलोमीटर खाली बसवलेल्या गेजवर (प्रेशर मोजायच्या यंत्रावर) प्रेशर चढताना बघायचं. गंमत म्हणजे पाण्याच्या विहिरीचं हे गणित थाइस नावाच्या अमेरिकन माणसाने १९३५ साली मांडलं आणि तेलवाल्यांची, चढत्या प्रेशरवरून हिशेब करायची हॉर्नर पद्धत १९५१ सालची, म्हणजे पाणीवाले आधी!

आता बघायचं काय? विहीर बंद केल्यावर सुरुवातीला जे प्रेशर चढतं त्यात विहिरीच्या नळीतल्याच तेल-वायूचा गोंधळ असतो, तो निवळल्यावर ज्या दगडात तेल आहे तो दगड बोलायला लागतो. तेल कमी येतंय ते दगडच घट्ट आहे म्हणून, की ड्रिलिंगचा चिखल खाली विहिरीलगतच्या दगडात बसून रस्ता बुजलाय म्हणून, हे तिथं कळतं. दुसरं असेल तर ॲसिड टाकून रस्ता मोकळा करता येतो, पहिलं असेल तर ॲसिडचा खर्च पाण्यात. हा फरक साध्या प्रेशरच्या रेषेवर डोळ्याला नीट दिसत नाही, म्हणून १९८३ पासून प्रेशर किती वेगाने बदलतंय त्याचाच वेगळा ग्राफ काढतात. तो सपाट झाला की समजायचं, दगडातून तेल किती सहज वाहतं त्याचा आकडा मिळाला. चांगल्या क्वार्ट्झ गेजला हजारो पीएसआयमधला (पीएसआय म्हणजे प्रेशर मोजायचं एकक) ०.०१ पीएसआयचा फरकसुद्धा कळतो.

पूर्वी (आणि अजूनही बऱ्याच ठिकाणी) हे गेज नुसतं नोंद करून ठेवायचं, वर काही कळायचं नाही. अंदाजाने बारा तास, चोवीस तास विहीर बंद ठेवायची, मग सगळं वर काढून मेमरी वाचायची, आणि तेव्हा कळायचं की व्हॉल्व्हच गळत होता किंवा अजून चार तास थांबलो असतो तर काम झालं असतं. रिगचं भाडं मात्र चालूच! आता केबलने, नाहीतर नळीच्या पोलादातून आवाजाच्या लहरी पाठवून आकडे लगेच वर येतात. म्हणून तो स्क्रीनकडे बघतोय: व्हॉल्व्ह गळाला तर तेव्हाच दिसेल, आणि ग्राफ सपाट होऊन पुरेसा वेळ झाला तर उगाच एक तासही जास्त थांबायची गरज नाही.

आणि हो, चाचणीत विहीर वाहती ठेवली की तो गॅस बहुतेकदा फ्लेअरवर जाळूनच टाकतात, त्यामुळे पुरेसं कळल्यावर वाहणं थांबवलं तर तेवढी जाळपोळही कमी.

प्रश्न: मी नागपूरलाच केमिकल इंजिनीअरिंग करतोय. डेटा थेट ऑफिसात येत असेल तर साइटवर माणूस कशाला? – तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी

उत्तर: भाऊ, स्क्रीन बघून घाई करणारेच जास्त फसतात. दगडात विहिरीपासून दुप्पट लांबचं बघायचं तर चौपट वेळ थांबावं लागतं, ६ तासांत जेवढं दिसलं त्याच्या दुप्पट अंतरावर दगड कुठे संपतो का ते बघायला २४ तास, डेटा कितीही लाइव्ह असला तरी. ग्राफ सपाट झाला म्हणून सहाव्या तासाला विहीर उघडली तर पुढची भिंत कळायची राहून गेली. आणि चोक (प्रवाह कमी-जास्त करायचा व्हॉल्व्ह) कधी बदलला, सेपरेटरला (तेल, वायू, पाणी वेगळं करायच्या टाकीला) काय झालं, हे साइटवरच्या माणसाने वेळेसकट लिहिलं नसेल तर ऑफिसातला एसीत बसून त्या ग्राफमधल्या खड्ड्याला दगडातली भेग समजून बसतो. इंटर्नशिप मिळाली तर साइटच माग, आणि पहिल्या दिवसापासून स्वतःची वही ठेव.