वडिलांना हंटिंग्टन आहे, मेंदूचं ऑपरेशन करून बरा होतो का?

हंटिंग्टन हा मेंदूच्या पेशी हळूहळू नष्ट करणारा आनुवंशिक आजार, तो बरा करणारं ऑपरेशन आज नाहीये, हे आधी स्पष्ट सांगतो. पण एएमटी-१३० नावाच्या जीन थेरपीकडे लक्ष ठेवा. कवटीला बारीक भोकं पाडून, एमआरआयवर बघत बघत, मेंदूत खोलवर कॉडेट आणि पुटामेन या भागांत केसासारख्या नळीने निरुपद्रवी केलेला व्हायरस हळूहळू सोडतात. तो पेशींत जनुकीय सूचना पोचवतो, म्हणजे तिथल्या पेशी हा आजार घडवणारं घातक हंटिंग्टिन प्रोटीन कमी बनवतात. ऑपरेशन एकदाच, पण १२ तासांच्या वर चालतं. सप्टेंबर २०२५ मध्ये ही थेरपी बनवणाऱ्या कंपनीने सांगितलं की जास्त डोस दिलेल्यांत ३ वर्षांत आजार वाढायचा वेग ७५% कमी दिसला. पण तिथवर पोचलेले पेशंट फक्त १२, आणि तुलना ट्रायलबाहेरच्या पेशंटच्या डेटाशी, त्यामुळे लगेच हुरळून जाऊ नका.

फ्रान्समध्ये गर्भातल्या मेंदूपेशी बसवूनही पाहिलं, २००० साली ५ पैकी ३ जणांत सुधारणा दिसली होती, पुढच्या मोठ्या ट्रायलमध्ये ती टिकली नाही. डीबीएसने (मेंदूत तारा बसवून सौम्य वीज देण्याने) हातापायांचे झटके कमी होऊ शकतात, आजार थांबत नाही.

आणि कळकळीने सांगतो, स्टेम सेलच्या नावाने कोणी लाखो रुपये मागितले तर देऊ नका, खऱ्या ट्रायलमध्ये उपचाराचे पैसे सहसा घेत नाहीत.