पर्थला पीएच.डी.ला यायचं म्हणतेस, तर आधी हे वाच

तू विचारलंयस की दापोलीच्या कृषी विद्यापीठातून एम.एस्सी. झालंय, पर्थमध्ये तणांवर पीएच.डी.ची ऑफर आलीय, नवरा यायला तयार आहे, मुलगा सहा वर्षांचा आहे, घर गुहागरला, सासूबाई नको म्हणतायत, जावं का, मुलाच्या शाळेचं काय होतं, आणि एकटं वाटतं का. तीन दिवस झाले हा प्रश्न डोक्यातून जात नाहीये. अगं मीही दापोलीचीच, आणि मूळची खारेपाटातली, अलिबाग तालुक्यातली, धरमतरच्या खाडीला लागून आमचं गाव. 2016 च्या जानेवारीत आले तेव्हा माझी मुलगी सात वर्षांची होती. त्यामुळे जे लिहितेय ते तुला लिहितेय की मला, हे मलाच नीट कळत नाहीये, पण वाच.

व्हिसा, इन्शुरन्स, बँकेत किती पैसे दाखवायचे, हे सगळं सरकारी साइटवर आहे आणि दरवर्षी बदलतं, त्यात मी पडत नाही. साइटवर जे नसतं ते सांगते. तुझ्या डिग्रीवर माहेरचं नाव असेल आणि पासपोर्टवर सासरचं, तर आजच कामाला लाग. मला शंभरच्या स्टँप पेपरवर एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र तीनदा करावं लागलं, एकदा वडिलांच्या नावाचं स्पेलिंग वेगळं म्हणून, एकदा नोटरीचा शिक्का पुसट आला म्हणून, आणि तिसऱ्यांदा का ते आजपर्यंत कुणी सांगितलं नाही. आपल्याकडे कृषी विद्यापीठांत दहापैकी ओजीपीए, म्हणजे सगळ्या सत्रांची मिळून सरासरी, असतो, इकडचा फॉर्म टक्के मागतो. ते टक्क्यांचं पत्र मिळवायला एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर असे माझे दोन महिने गेले, साहेब मीटिंगला, साहेब रजेवर, आणि पोरगी मांडीवर घेऊन बाकावर बसलेली मी, अजून आठवलं की अंगाचा तिळपापड होतो.

आणि सातबारा. पैशाचा आधार म्हणून जमिनीचं मूल्यांकन दाखवू म्हटलं तर आमच्या खाराच्या, म्हणजे खाडीकाठच्या जमिनीच्या, सातबाऱ्यावर अकरा नावं. आजोबा, त्यांचे भाऊ, मुंबईला गेलेल्या आत्या, त्यातले चार जण वारलेले, वारस नोंद नाही. तू कोकणातलीच आहेस, तुझ्याकडे वेगळं नसणार. त्या कागदाच्या नादी लागू नकोस, शेवटी आम्ही सोनं गहाण ठेवलं आणि कर्ज काढलं.

आता कामाचं. तुला ऑफर लेटरमध्ये काय लिहिलंय माहीत नाही, पण पर्थला तणांवर काम म्हणजे फिरून फिरून रायग्रासवर यायचंच. हे गवत इथलं नाही, मेंढ्यांना चारा म्हणून लोकांनी मुद्दाम आणलं आणि पेरलं, आणि आज तेच गव्हातलं सगळ्यात मोठं दुखणं आहे. परपरागीकरण होतं, म्हणजे एका झाडाचा पराग दुसऱ्याला लागतो, एकेका झाडाला हजारोंनी बी, त्यामुळे लाखात एखादं रोप तणनाशक औषधाला मेलं नाही की दोनचार हंगामांत शेतभर तेच दिसतं. जगात ग्लायफोसेट या तणनाशकाला न मरणारं पहिलं तण म्हणून 1996 ला जे नोंदलं गेलं ते ऑस्ट्रेलियातलं रायग्रासच. तुझे दिवस कसे जातील सांगू का, ग्लासहाऊसमध्ये शेकडो कुंड्या, वेगवेगळ्या शेतांतलं बी, औषधाचे वाढते डोस, तीन आठवडे थांबायचं आणि मग मेलेली किती जगलेली किती ते मोजायचं. मोजतच राहायचं. नोव्हेंबर-डिसेंबरला सुगी, चाळीस डिग्रीत, एकेका शेतकऱ्याकडे हजारो हेक्टर, क्षितिजापर्यंत माणूस दिसत नाही. मला ते आवडतं, खोटं कशाला बोलू. इथल्या शेतकऱ्यांकडून शिकायला मिळतं ते वेगळंच. डार्कन गावच्या रे हॅरिंग्टन या शेतकऱ्याने कापणी करतानाच भुश्शातलं तणाचं बी भरडून टाकणारं यंत्र काढलं, कारण कापणीपर्यंत रायग्रासचं बरंचसं बी ओंबीवरच असतं, खाली पडायच्या आत धरलं तर पुढच्या वर्षी उगवायला जमिनीत राहतं किती? साधा विचार, पण शेतात उभं राहिल्याशिवाय सुचत नाही.

मला हे काम पहिल्या आठवड्यात ओळखीचं वाटलं ते माझ्या आजीमुळे. श्रावणात बेणणीला, म्हणजे भातातलं तण काढायला, आजी मला सोबत न्यायची. भातात भातासारखंच दिसणारं गवत असतं ना, निसवायच्या आधी ओळखूच येत नाही, आजी पातं खोडाला जिथं जुळतं तिथं नखाने उघडून दाखवायची, भाताला तिथं पांढरी जिभली असते, त्या गवताला नसते. वाकून वाकून ती न बघता नुसत्या बोटांनी सांगायची. आणि हजारो वर्षं बायकांनी असं वेगळं दिसणारं उपटत नेलं म्हणूनच भातासारखं दिसणारं तेवढं मागे राहिलं. दापोलीला आम्हाला एक गोष्ट शिकवली होती, रानभात ओळखू यावं म्हणून जांभळ्या पानाचं भात लावायला दिलं, म्हणजे हिरवं दिसेल ते उपटायचं. तर काही वर्षांत रानभाताचा त्याच्याशी संकर होऊन रानभातच जांभळं झालं. माझ्या गाइडना हे सांगितलं तेव्हा ते उठून फळ्याजवळ गेले आणि मला म्हणाले परत सांग, सावकाश. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की मी इथे रिकाम्या हाताने आलेली नाहीये.

रिकाम्या हातावरून आठवलं, बियाणं, कडधान्य, माती लागलेली चप्पल, लाकडी वस्तू, काही म्हणजे काही लपवून आणू नकोस. विमानतळावरच्या फॉर्मवर सगळं लिही. आईने कडवे वाल दिले होते, घरचे, जुन्या साडीच्या तुकड्यात बांधलेले, बिरड्यासाठी. मी लिहून दिले आणि त्यांनी काढून घेतले. त्यांचं बरोबरच आहे, रायग्रासचं बीही असंच बाहेरून आलं होतं, हे मी स्वतः लोकांना शिकवते. तरी त्या पुरचुंडीचं मला आजही वाईट वाटतं. आणि तुला आपल्याकडच्या भाताच्या जातींवर इथे काम करायचं मनात असेल तर जैवविविधता कायदा 2002 आणि इथलं क्वारंटाइन, दोन्हीकडचे नियम ऑफर स्वीकारायच्या आधी वाच आणि गाइडना स्पष्ट विचार. मी आल्यावर विचारलं, तोवर विषय ठरला होता. इथे पश्चिमेला भात जवळजवळ कुणी लावत नाही, ऑस्ट्रेलियाचं भात बहुतेक सगळं तिकडे न्यू साउथ वेल्समध्ये.

एकटेपणा. येतो आणि जातो. वेळेचा फरक फक्त अडीच तासांचा आहे, रोज फोन होतो, मराठी मंडळ आहे, गणपती बसतो. याच्यावर जास्त विचार करू नकोस.

शाळेचं मात्र मी सविस्तर लिहिणार आहे कारण ते माझं अजून सुटलेलं नाही. इथे वर्ष फेब्रुवारीच्या आसपास सुरू होतं, आपलं जूनला, म्हणजे अर्ध्या वर्षाचा गोंधळ होतोच, तो चालतो. माझी मुलगी गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसरीत होती, पाढे पंधरापर्यंत पाठ, धडा घडाघडा वाचायची, शाळेत सगळ्यांत बडबडी. इथे तिची एका सकाळी परीक्षा घेतली, इंग्रजीतून, आणि तिला एक वर्ष मागे बसवलं. कागदावर लिहिलं होतं, बोलत नाही, प्रतिसाद कमी. सात वर्षांची पोर, विमानातून उतरून दहा दिवस झालेले, बोलणार काय? मी तेव्हा भांडायला हवं होतं. मी थँक्यू म्हणून आले. मग एका बाईंनी, खूप गोड होत्या, वाईट हेतू अजिबात नव्हता, सांगितलं की घरी फक्त इंग्रजी बोला, तिला पटकन जमेल. आणि आम्ही ऐकलं. मी दिवसभर जिभल्या मोजणारी बाई, पुरावा काय असं सगळ्यांना विचारणारी, मी त्यांना विचारलं नाही की याला पुरावा काय. घरी मराठी बोलल्याने मुलाचं इंग्रजी मागे पडत नाही, दोन भाषा मुलं आरामात सांभाळतात, हे मी पुढे वाचलं, तोपर्यंत चार वर्षं गेली होती.

आता ती सतरा वर्षांची आहे. अभ्यासात उत्तम, मैत्रिणी आहेत, सगळं चांगलं आहे. पण व्हिडिओ कॉलवर माझी आई तिला विचारते, "जेवलीस काय गो?" आणि ती हो म्हणते, आणि मग दोघी हसत एकमेकींकडे बघत राहतात. आई नंतर मला म्हणते, पोर गुणाची आहे, कमी बोलते. ती कमी बोलत नाही गं. ती दिवसभर बोलते. हे आईला सांगायचं मला होत नाही.

आता राहिलं ते पण सांगून टाकते. तू विचारलं नाहीयेस. खाराची जमीन तुला माहीत असेल, बांधाने भरतीचं पाणी अडवायचं, उघाडीतून आतलं पाणी ओहोटीला बाहेर सोडायचं, उन्हाळ्यात मिठाचा पांढरा पापुद्रा वर येतो आणि जूनचा पाऊस तो धुऊन नेतो, मग रहू, म्हणजे मोड आलेलं भाताचं बी, टाकायचे. आमच्याकडे राता लावायचे, लाल तांदूळ, मीठ सोसणारा. पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने याच जातींतून काळा राता 1-24 आणि भुरा राता 4-10 निवडले, नंतर पनवेल 1, 2, 3 आले. बांध गावकीचा, घरटी एक माणूस दरवर्षी मातीला जायचा. 2020 ला निसर्ग वादळ आलं त्या पावसाळ्यात उधाणाला आमच्या बांधाला खांड पडली. घरटी एक माणूस आणायचा कुठून, निम्मी घरं मुंबईला, आणि एक घर पर्थला. इकडे सीमा बंद, त्या 2022 च्या मार्चला उघडल्या. मी गेले तेव्हा शेतात गुडघाभर खाडी आणि तिवरं चांगली वर आलेली. आता ती तोडता येत नाहीत, तोडूही नयेत, ती आहेत म्हणून किनारा आहे. पण तिथं आमचं शेत होतं.

बाबा बांधावर उभे होते. त्यांनी विचारलं, तिकडेही जमीन खारावते म्हणतेस, ते लोक मीठ कसं काढतात? मी सांगितलं की तिथलं मीठ समुद्राच्या भरतीचं नाही, खालून येतं, गव्हासाठी खोल मुळांची झाडं तोडली, पाऊस झाडं पीत होती ते पाणी खाली मुरायला लागलं, भूजल वर आलं आणि हजारो वर्षांचं साठलेलं मीठ घेऊन आलं, दहा लाख हेक्टरांच्या वर जमीन गेलीय. मग चर खणतात, मीठ सोसणारी झुडपं लावतात. बाबा ऐकत होते. मग म्हणाले, "म्हणजे त्यांना पण जमत नाही." आणि घराकडे चालायला लागले. मला त्यांना सांगायचं होतं की बाबा, मी हे शिकले असते, मिठाचं, रात्याचं, पोक्काली या केरळातल्या भातातून मीठ सोसण्याचा गुणसूत्रावरचा जो भाग सापडलाय तो आपल्या रात्यात आहे का बघितलं असतं. पण मी रायग्रास शिकले, कारण स्कॉलरशिप रायग्रासला होती. यात कुणाची चूक नाही. तरी त्या बांधावरून चालताना मला जे वाटलं ते तुला वाटू नये म्हणून एवढं लांबलचक लिहिलं.

म्हणून ये की नको ये हे मी सांगणार नाही, ऑफर चांगली आहे, तुझ्या जागी मी असते तर पुन्हा इथेच आले असते असंच वाटतंय लिहिताना. पण गाइडना आत्ताच मेल टाक, की थिसिसमधला एक चॅप्टर मला कोकणातल्या तणावर किंवा भातावर करायचाय, प्रयोग दापोलीत किंवा कर्जतला होतील, दोन पावसाळे मी तिकडे असेन. आत्ता त्यांना तू हवी आहेस, आत्ता हो म्हणतील, आल्यावर म्हणणार नाहीत. निघायच्या आधी पनवेलच्या त्या केंद्रासाठी एक दिवस काढ. ट्रान्सक्रिप्ट पाच प्रती घे, सीलबंद. मुलाला मागे बसवायला लागले तर लेखी कारण माग आणि घरी मराठीच बोल, कुणी कितीही गोड बोललं तरी. आणि बॅगेत जागा कमी पडली तर कुकर काढ, कुकर इथे मिळतो. बालभारतीची पहिली ते चौथीची पुस्तकं आण, चारही. मी आणली नव्हती.