आईला खोट्या प्रार्थनेला लावू नकोस

डॅलसहून एका लेकीचं पत्र आलंय. माहेर नागपूरचं, सदरमधलं, म्हणजे अगदी आमच्याच आळीतलं म्हणा. चार पानं आहेत, त्यातलं मोजकं इथे देते.

"मावशी, ह्यांची नोकरी गेली. एच-वन-बीवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आहोत, दिवस मोजतोय. चर्चमधल्या बायका म्हणतात, ‘प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा.’ मी मान डोलावते आणि पार्किंगमध्ये गाडीत बसून रडते. कधीकधी देवाचाही राग येतो. आईला यातलं काही माहीत नाही. रविवारी व्हिडिओ कॉलवर ‘प्रभूची कृपा आहे’ म्हणते आणि विषय बदलते. तिला बीपी आहे ना. माझा विश्वास कच्चा आहे का?"

विश्वास कच्चा नाही गं. खोटं मात्र पक्कं आहे.

जुने वाचक हसतील, मावशीचं तेच तुणतुणं सुरू झालं म्हणून. होऊ दे. परदेशी गेलेल्या आपल्या लोकांना हा एक रोगच आहे. संकट आलं की घरी कळू द्यायचं नाही, आणि त्या लपवालपवीला विश्वासाची ‘साक्ष’ म्हणायचं.

त्या बायका ज्या पत्रातलं वचन तुला ऐकवतात, ते प्रेषित पौलाने बेड्यांत असताना फिलिप्पैकरांना, म्हणजे फिलिप्पै शहरातल्या मंडळीला लिहिलंय. वचन चौथ्या अध्यायातलं चौथं. तिथून दहा वचनं पुढे जा. माझ्या संकटात तुम्ही वाटेकरी झालात हे बरं केलंत, असं तो लिहितो. त्यांनी एपफ्रदीत नावाच्या आपल्या माणसाच्या हाती मदत पाठवली होती आणि पौलाने ती घेतली. घेतली, आणि पोचही दिली. आनंद करा म्हणणाऱ्याने स्वतःची अडचण झाकून ठेवली नव्हती. आपण मात्र चौथं वचन फ्रिजवर चिकटवतो आणि चौदाव्यापर्यंत पोचतच नाही.

आता माझं ऐक. 1992 साली आम्ही कॅनडात होतो आणि ह्यांच्या कारखान्याला टाळं लागलं. घरी फोन महागडा, म्हणून एरोग्राम, म्हणजे विमानाने जाणारी टपालपत्रं लिहायचे. प्रत्येकात तेच: सगळं कुशल, प्रभूची कृपा, घर बघतोय. घर कसलं बघतोय, भाडं थकलं होतं! मी रात्री एका बेकरीत ट्रे धुवायची. आठ महिन्यांनी दुसऱ्याच कुणाच्या तोंडून आईला कळलं. मला वाटलं आता रडेल. ती रडली नाही, चिडली. फोनवर म्हणाली, "आठ महिने मी तुमच्या नव्या घरासाठी प्रार्थना करून राहिली होती वं. तू मले खोट्या प्रार्थनेले लावलं." बीपी आमच्याही आईला होतं. त्याने काही झालं नाही तिला. जे लागलं ते हे लागलं. गुडघे दुखत असताना पहाटे उठून ती भलत्याच गोष्टीसाठी वर हात करत होती, आणि भाड्यासाठी मागणारं नागपुरात कुणीच नव्हतं.

तेव्हापासून मी हे लावून धरलंय. रडायचं तर मराठीत रड, आणि घरच्यांसमोर रड. तू म्हणशील, भाषेचा काय संबंध? मार्काच्या शुभवर्तमानाचा पंधरावा अध्याय काढ. वधस्तंभावर प्रभू ओरडला तो बाविसाव्या स्तोत्रातल्या शब्दांनी, "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" स्तोत्र मूळचं इब्री, पण मार्काने नोंदवलंय ते अरामी: "एलोई, एलोई." म्हणजे घरात बोलायची भाषा. सगळं ग्रीकमध्ये लिहिणाऱ्या मार्काने ते शब्द जसेच्या तसे ठेवले. आणि तू डॅलसच्या प्रार्थनासभेत इंग्रजीत "वी आर ब्लेस्ड" म्हणतेस, मग पोटातलं पोटातच राहणार.

देवाचा राग येतो म्हणतेस. येऊ दे की. बायबलातल्या ईयोबावर संकटं कोसळली, तेव्हा त्याचे मित्र सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ गप्प बसले, तेवढंच काय ते त्यांचं चांगलं. तोंड उघडलं आणि देवाची बाजू घेत सुटले. शेवटी देव रागावला तो त्या वकिलांवरच. भांडणाऱ्या ईयोबावर नाही. उलट त्यालाच त्यांच्यासाठी प्रार्थना करायला लावली. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर अंधारातच संपतं. तेही आपल्या बायबलात आहेच ना?

(मी हिस्लॉप कॉलेजची. ज्यांच्या नावाचं ते कॉलेज, ते स्कॉटिश मिशनरी हिस्लॉपसाहेब 1845 मध्ये नागपुरात आले आणि 1863 मध्ये टाकळघाटाजवळ पुराच्या ओढ्यात बुडून गेले. त्यांच्या धैर्याचं कौतुक पुष्कळ ऐकलंय. मला मात्र नेहमी वाटतं, स्कॉटलंडला ती बातमी कुणी लिहिली असेल, आणि खरं किती लिहिलं असेल. परदेशातून घरी जाणाऱ्या पत्रावर माझा मुळीच भरवसा नाही, हे एव्हाना तुझ्या ध्यानात आलं असेल.)

तर रविवारची वाट बघू नकोस. उन्हाळ्यात तुझे सकाळचे साडेसात म्हणजे इथले संध्याकाळचे सहा. आईचा चहा झालेला असतो, मालिका सुरू व्हायच्या असतात. आधी वडिलांना किंवा भावाला तिच्याजवळ बसायला सांग, मग बोल. ती पहिले रागावेल, मग तांदूळ आहेत का विचारेल, मग पाळकसाहेबांना कळवेल आणि रात्रीपर्यंत अर्ध्या सदरला ठाऊक होईल. लाज वाटेल. वाटू दे, प्रार्थना तरी नोकरीसाठीच होईल.

व्हिसाचं एवढंच की नोकरी संपल्यापासून साठ दिवस तिथे राहता येतं, आणि मुक्कामाची मुदत त्याआधी संपत असेल तर तेवढेच. वकिलाला या आठवड्यात भेटा. नोकरीसाठी उपास-प्रार्थना धरली असेल, तर ती सोडल्यावर नाही, आधी.

पत्रातले बाकीचे प्रश्न. मुलगा मराठी भजनं म्हणत नाही: तू गात राहा, तो आपोआप ऐकेल. दशमांश, म्हणजे कमाईतला देवाचा दहावा भाग: पगारच नाही, तर शून्याचा दहावा भाग शून्य, देवाला हिशेब कळतो. आणि सासूबाई वर्धा रोडला फ्लॅट बुक करा म्हणतात, त्याचं उत्तर तूच मला कशाला विचारतेस? त्यांनाही अजून सांगितलेलं दिसत नाही.