पन्नास पैशाला आठाणे का म्हणायचं?

प्रश्न : आमचे आजोबा पंचवीस पैशाला चाराणे नि पन्नास पैशाला आठाणे म्हणतात, ऐकून ऐकून आम्हीपण तेच म्हणतो, पण आणा काय असतो ते कधी बघितलेलं नाही. मधेच ते चवली, पावली, अधेली असंही बोलतात. परवा त्यांच्या ट्रंकेत एक चौकोनी नाणं सापडलं, कोपरे गोलसर, एकीकडे राजाचं डोकं आणि दुसरीकडे 2 चा आकडा. हे काय असेल?
– एक वाचक, कऱ्हाड

उत्तर : अहो, तुमच्या हातात चक्क चवली आलीये! चवली म्हणजे दोन आणे. पावली म्हणजे चार आणे, पाव रुपया म्हणून पावली, आणि अधेली म्हणजे अर्धा रुपया, आठ आणे. तेव्हा रुपयाचे आणे सोळा, आण्याचे पैसे चार, आणि एका पैशाच्या परत तीन पै, म्हणजे अख्ख्या रुपयाच्या 192 पै. "सोळा आणे खरं" आपण म्हणतो ते इथूनच आलं.

मग 1 एप्रिल 1957 ला दशमान पद्धत आली आणि रुपयाचे शंभर नये पैसे झाले. लोकांचा गोंधळ होऊ नये म्हणून नाण्यावरच "रुपये का सौवां भाग" असं छापायचे, आणि 1964 मध्ये तो "नया" शब्द काढून टाकला. आता गंमत बघा, शंभराला सोळाने भागलं की एक आणा येतो सव्वासहा पैशांचा, चवली येते साडेबारा पैशांची, तेवढ्याचं नाणं निघणारच नव्हतं, पण चार आणे बरोब्बर पंचवीस आणि आठ आणे बरोब्बर पन्नास, आणि ही दोन्ही नाणी नव्या पद्धतीत आलीच. म्हणून चाराणे-आठाणे तोंडात राहिले आणि चवली बिचारी गेली. मला तिचं खरंच वाईट वाटतं, किती गोड शब्द आहे तो! माझी आजी "चवलीची कोथिंबीर आण" म्हणायची तेव्हा चवली बंद होऊन कित्येक वर्षं झाली होती.

आजोबांना ढब्बू पैसा पण विचारा, तो जाडजूड तांब्याचा, ढब्बू मिरचीतला ढब्बू तोच. आणि भोकाचा पैसा विसरू नका, 1943 मध्ये युद्धामुळे धातूची टंचाई झाली म्हणून मधे मोठं भोक पाडलेला पैसा काढला होता. आमच्या आजीकडे असे नऊ-दहा पैसे सुतळीत ओवून देवघरातल्या खुंटीला टांगलेले असायचे, मी त्यातला एक काढून करंगळीत अंगठीसारखा घालायचो आणि मग बोट हिरवं व्हायचं.

पावलीचा वारसा चालवणारे आपले पंचवीस पैसे 30 जून 2011 पासून बंद झाले. आठाणे मात्र अजून कायद्याने चालू आहेत, दुकानदार घेत नाहीत ती गोष्ट वेगळी.

आणि एक कळकळीने सांगतो, ती चवली चिंच लावून घासू नका, चकचकीत होईल पण तिच्यावरचा जुना थर जातो आणि जमवणाऱ्यांना तोच हवा असतो. नुसत्या मऊ कापडाने पुसा, कोरड्या कागदात गुंडाळून ठेवा, आणि त्याच कागदावर आजोबांच्या अक्षरात "चवली" असं लिहून घ्या.