विधानसभेने नाही म्हटलं तर वेगळा विदर्भ अडतो का?

प्रश्न : ताई, आमच्या सक्करदऱ्यात चहाच्या टपरीवर रोज हाच वाद चालतो. मित्र म्हणतो की महाराष्ट्राच्या विधानसभेत ठराव पास झाल्याशिवाय विदर्भ होऊच शकत नाही, मग आंदोलन करून फायदा काय? आणि दुसरा म्हणतो आधी केंद्रशासित करा, मग राज्य आपोआप होते. खरं काय ते सांगा ना.
— एक वाचक, नागपूर

उत्तर : भाऊ, तुझ्या मित्राचं चुकतंय, आणि हा गैरसमज इतका पसरलाय की मला तो मनापासून खटकतो. घटनेच्या कलम ३ प्रमाणे नवीन राज्य करायचा अधिकार संसदेचा आहे. राष्ट्रपती बिल संबंधित विधानसभेकडे फक्त मत मागायला पाठवतात, मुदत ठरवून देतात, विधानसभेने होकार दिला, नकार दिला किंवा गप्प बसली तरी संसद पुढे जाऊ शकते. कलम ४ मुळे ही घटनादुरुस्तीही धरत नाहीत, म्हणजे साधं बहुमत पुरतं.

तेलंगणाचंच बघ ना. जानेवारी २०१४ मधे आंध्रच्या विधानसभेने ते बिल फेटाळलं होतं, तरी १८ फेब्रुवारीला लोकसभेत आणि २० तारखेला राज्यसभेत पास झालं आणि २ जूनला राज्य सुरू पण झालं. आणि हे काही तेव्हाच नव्याने ठरलं नाही, १९५६ च्या ज्या कायद्याने नागपूर मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेलं त्याच कायद्यावर बाबुलाल पराते यांची केस सुप्रीम कोर्टात गेली होती. विधानसभेला विचारलं होतं मुंबई राज्याचे तीन भाग करायचं आणि संसदेने केलं एकच मोठं द्विभाषिक राज्य, मग परत विचारायला नको का, असा मुद्दा होता. कोर्टाने १९५९ मधे सांगितलं, नको. मत मागवणं जरुरी आहे पण ते संसदेवर बंधनकारक नाही.

मग अडतं कुठे? राष्ट्रपतींच्या शिफारशीशिवाय असं बिल मांडताच येत नाही, आणि ती शिफारस केंद्रीय मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच येते. राज्यांची पुनर्रचना ठरवायला केंद्राने नेमलेल्या फजल अली आयोगाने १९५५ मधेच आठ मराठी जिल्ह्यांचा वेगळा विदर्भ सुचवला होता, तरी झालं नाही, कारण दिल्लीने ठरवलं नाही. म्हणून मला वाटतं विदर्भाचे जे १० खासदार आहेत त्यांना गाठा, पक्ष कोणताही असो, दर अधिवेशनाआधी विचारा की सरकारकडे बिलाची मागणी लेखी केली का. हिवाळी अधिवेशनात विधान भवनावर मोर्चा न्या, जरूर न्या, पण किल्ली तिथे नाही बाप्पा.

केंद्रशासितचं म्हणशील तर आपोआप काहीच होत नाही. १९६२ च्या घटनादुरुस्तीने काही केंद्रशासित प्रदेशांना विधानसभा द्यायची सोय झाली, गोव्याला ती १९६३ मधे मिळाली, १९६७ च्या जनमत कौलात लोकांनी महाराष्ट्रात जायला नकार दिला, आणि तरीही पूर्ण राज्य व्हायला ३० मे १९८७ उजाडला. लडाखला तर २०१९ पासून विधानसभाच नाही, तिथले लोक त्यासाठी रस्त्यावर उतरले. आज आपण ६२ आमदार निवडून देतो, ते सोडून नायब राज्यपालाच्या हाताखाली जायचं आणि पुढच्या कायद्याची वाट बघत बसायचं, हे मला तरी अजिबात पटत नाही.