कॅलिफोर्नियात बडतर्फ झालेला पोलीस दुसऱ्या शहरात पुन्हा भरती होऊ शकतो का?
नुसता बडतर्फ झाला असेल तर होऊ शकतो. मात्र राज्याने त्याचे पोलीस म्हणून काम करण्याचे प्रमाणपत्रच रद्द केले असेल, तर कॅलिफोर्नियातील कोणत्याही शहराला वा काउंटीला त्याला पोलीस म्हणून नेमता येत नाही. ‘सिनेट बिल २’ या २०२१ मध्ये मंजूर झालेल्या कायद्याने प्रमाणपत्र रद्द करण्याचा हा अधिकार पोलिसांची मानके व प्रशिक्षण ठरवणाऱ्या राज्य आयोगाला दिला. तोवर असा अधिकार नसलेल्या मोजक्या राज्यांत कॅलिफोर्निया होते, जे पुढारलेल्या म्हणवणाऱ्या राज्याला शोभणारे नव्हते. कायद्याच्या मजकुरानुसार अवाजवी बळाचा वापर, खोटा अहवाल, लैंगिक अत्याचार, एवढेच नव्हे तर सहकाऱ्याचा उघड अतिरेक दिसत असूनही मध्ये न पडणे, हे सारे गंभीर गैरवर्तनात मोडते. ९ सदस्यांचे सल्लागार मंडळ शिफारस करते, प्रमाणपत्र रद्द करण्यासाठी आयोगाचे दोनतृतीयांश मत लागते आणि मग अधिकाऱ्याला प्रशासकीय न्यायाधीशापुढे बाजू मांडता येते. राजीनामा देऊन चौकशी टाळण्याची जुनी पळवाटही बंद झाली आहे, कारण नोकरी सोडली तरी चौकशी पूर्ण करणे खात्यावर बंधनकारक आहे. अर्थात ही बंदी राज्यापुरतीच आहे: रद्द झालेल्याचे नाव राष्ट्रीय सूचीत कळवले जाते, पण दुसऱ्या राज्याने त्याला घ्यावे की नाही, हे तिथला कायदा ठरवतो.